पोटाचं निमित्त

५ ऑक्टोबर, रविवार

आजपासून मराठीत लिहिणार. मिशनवर इंग्लिशमध्ये लिहायचो, पण ती वही जुईने वाचली आणि जेवताना त्यातली वाक्यं म्हणून दाखवली. बारा वर्षांची बहीण. मराठी सगळं समजतं, उत्तर इंग्लिशमध्ये देते, वाचता मात्र एक ओळ येत नाही. तेव्हा ही वही उशीवर उघडी टाकली तरी चालेल.

फिलिपिन्सहून परत येऊन पाच आठवडे झाले. धर्मप्रसाराचं दोन वर्षांचं मिशन, त्यातले सात महिने केले. पोट बरं होईपर्यंत चर्चने इथेच, दोह्यात, सेवेचं मिशन दिलंय. म्हणजे मी अजून मिशनरीच. साडेसहाला उठणे, शास्त्रवाचन, सिनेमा नाही, गेम नाही. फक्त इथे बाहेर कोणाशी धर्माविषयी चकार शब्द काढायचा नाही. देशाचा कायदा, आणि चर्चचीही ताकीद. 'एल्डर' ही मिशनरीची पदवी लिहिलेला काळा बिल्ला ड्रॉवरमध्ये मोज्यांखाली ठेवलाय. न बोलणारा मिशनरी! पप्पा म्हणतात, तोंड बंद असलं तरी हात चालव.

उद्यापासून इंडस्ट्रियल एरियातलं एक गोदाम. लोकांनी दिलेल्या जुन्या व्हीलचेअर, वॉकर, हॉस्पिटलचे पलंग तिथे दुरुस्त करतात आणि आजारी माणसांच्या घरी वापरायला पोचवतात.

आई: "डब्यात मऊ भात देते." सदतिसावा मऊ भात. मोजतोय.

६ ऑक्टोबर, सोमवार

आई सोडायला आली. गोदामाच्या ड्रायव्हरला हिंदीत सांगू लागली, "भैया, इसका पेट बहोत नाजूक है, बाहर का कुछ मत खिलाना." वीस वर्षांचा मी शेजारी उभा.

ड्रायव्हरने मान वाकडी करून ऐकलं. "कुठचे तुमी?"

"पुण्याचे. मूळचे नगरचे."

"मंग ही हिंदी कशाला फाडतोय आपन? मी राजापूरचा!"

इस्माईलचाचा. पंचावन्न-साठचे, पांढरी दाढी, उजवा खांदा दुखरा. पलंग उचलायला दोन माणसं लागतात, म्हणून मी त्यांच्या जोडीला.

परतताना चहाच्या टपरीसमोर गाडी थांबवून हॉर्न दिला, पोरगा खिडकीशी दोन कप घेऊन आला. कडक, वेलचीवाला. आमच्या चर्चमध्ये चहा-कॉफी वर्ज्य. फिलिपिन्समध्ये हे सांगणं सोपं होतं, बिल्लाच होता छातीवर. इथे चहा का नको म्हटलं, की पुढचा प्रश्न धर्माचा. मी कपाकडे बघत राहिलो. चाचाच म्हणाले, "अरे हां, तुझा पोट. पित्त हाय काय?"

मी मान हलवली. हो म्हटलं नाही. पण हलवली.

८ ऑक्टोबर, बुधवार

चाचांनी बाटली आणली. कोकमाचं आगळ, गावाहून बायकोने पाठवलेलं. झाकणभर आगळ, पाणी, जिरं, मीठ. ढवळून माझ्या हातात दिलं आणि संपेपर्यंत समोर उभे राहिले. "पित्ताचा बाप पलतो."

एकच बाटली आहे त्यांच्याकडे. वर्षभर पुरवतात म्हणे, भाताबरोबर थोडं थोडं. आणि मी पितोय. फार चांगलं लागतं, हा आणखी वेगळा त्रास.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

इथे सुट्टी शुक्रवारची, म्हणून चर्चही शुक्रवारी. प्रार्थनेत एका अंकलनी माझ्या पोटाचं नाव घेतलं. सगळे 'आमेन' म्हणाले. आईने सगळ्यात मोठ्याने.

आता लिहूनच टाकतो. एकदा, मराठीत.

माझं पोट चांगलं आहे.

मे महिन्यात सुरू झालं. धर्म सांगायला घरोघरी दार ठोठावायचं हे आमचं कामच. मी आणि माझा जोडीदार, म्हणजे कंपॅनियन, एल्डर टी. (टोंगाचा, सव्वा सहा फूट, हसला की सगळी गल्ली वळून बघायची.) आळीपाळीने ठोठावायचो. एका हिरव्या फाटकापाशी माझी पाळी होती आणि हात वर गेलाच नाही. छाती आवळली, कानात शिट्टी, बोटं बधिर. टी.ने ठोठावलं. मग रोज. ऑगस्टमध्ये एकदा फाटकासमोरच उलटी झाली. मिशनच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, पोट दुखतंय का? मी हो म्हटलं. एवढंच. एका 'हो'वर घरी आलो.

पोटाचं निमित्त किती सोयीचं! कोणी नावं ठेवत नाही. मिशन अर्धवट टाकून आलेल्या मुलाकडे लोक कसे बघतात ते मी पाहिलंय, मीही तसाच बघायचो.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

घशातून नळी घालून पोट तपासलं होतं त्याचा रिपोर्ट आला. सगळं नॉर्मल. आईच्या डोळ्यांत पाणी, पप्पांनी माझी पाठ थोपटली. पप्पांनी लगेच रिपोर्ट फिलिपिन्सच्या मिशन प्रेसिडेंटना पाठवला. उत्तरही आलं. १५ नोव्हेंबरला व्हिडिओ कॉल, आणि सगळं ठीक असेल तर महिनाअखेरीस परत फिलिपिन्स.

पोट बरं झालं, आता जायला हरकत काय?

खड्डा मीच खणला. इतका व्यवस्थित की चढायला पायरीसुद्धा ठेवली नाही.

२० ऑक्टोबर, सोमवार

दिवाळी. अल दुहैलच्या आमच्या कंपाउंडमधल्या पुण्याच्या काकूंनी फराळाचं ताट पाठवलं. आई म्हणाली, "शमूला फक्त रव्याचा लाडू, अर्धा." जुईने माझ्यासमोर चार चकल्या कडाकड मोडल्या. "सॉरी दादा, यू आर अ पेशंट."

दोन चकल्या खिशात घालून वॉशिंग मशीनच्या खोलीत खाल्ल्या. आवाज येऊ नये म्हणून मशीन लावलं, रिकामंच. एल्डर शमुवेल, प्रभूचा सेवक!

२३ ऑक्टोबर, गुरुवार

तीन पलंग पोचवले. चाचांचा खांदा फारच दुखत होता, बोलले नाहीत पण वर चढताना शिवी हासडली. नमाजाची वेळ झाली की गाडी मशिदीशी लावतात, मी गाडीत थांबतो. सात महिने मी कुठे एकटा गेलो नाही. नियमच होता, कंपॅनियन नेहमी नजरेसमोर हवा. अजून गाडीतून उतरल्यावर दुसरं दार वाजण्याची वाट बघतो. चाचांचं दार वाजतं तेव्हा बरं वाटतं.

आज गावी फोन चालू होता, चाचांनी स्पीकरवर टाकला. हमीदाचाची: "पोराचा पोट कसा हाय आता?" चाचा: "उतार हाय." चाची: "मी मागतंय हां दुवा. पाची वक्ताला."

मला घाम फुटला. एसी चालू असताना.

२९ ऑक्टोबर, बुधवार

बाटलीत चार बोटं आगळ उरलंय. मी म्हटलं, चाचा, मला बरं वाटतंय, राहू दे. तर म्हणाले, "कोर्स पुरा कराचा असतो."

४ नोव्हेंबर, मंगळवार

काय झालं ते नीट क्रमाने लिहायचा प्रयत्न करतो.

एका जुन्या बिल्डिंगमध्ये व्हीलचेअर द्यायची होती. चाचांना खाली पार्किंग मिळेना. म्हणाले, "तू हो पुढं, चौथा मजला, बेल मार. यल्ला, चल." मी गेलो. दारासमोर उभा राहिलो. तपकिरी दार, पायपुसणं, आतून टीव्हीचा आवाज. हात मांडीला चिकटलेला. छाती आवळायला लागली. किती वेळ, माहीत नाही. लिफ्ट उघडली, चाचा आले. माझ्याकडे बघितलं, बेल दाबली, आतल्या बाईंशी हसून बोलले, व्हीलचेअर कशी मिटवायची ते दाखवलं. मी भिंतीला टेकून.

गाडीत बसल्यावर त्यांनी किल्ली फिरवली नाही.

"तुझा पोट बरा हाय."

मी सीटबेल्ट ओढला.

"महिना झाला बगतंय मी. पोटवाला मानूस जिना चढताना थांबतो. तू चढतोस हरनावानी आन् दरवाजा आला की मागं व्हतोस. एकदा पन बेल मारली नाय तू. तुना दरवाज्याची भीती हाय."

मग सगळं सांगितलं. हिरवं फाटक, उलटी, डॉक्टरीणबाई, रिपोर्ट, १५ तारीख. रडलो. चांगला मोठ्याने रडलो, गुडघ्यावर डोकं ठेवून. शेवटी चहाचंही सांगितलं. "आमच्यात चालत नाही. पित्त वगैरे काही नाही."

तेव्हा मात्र ते वळले. "मंग तसा सांगाचा ना! आमच्यात काय कमी गोष्टी चालत नाय? त्याला मी पित्त म्हनतो काय?"

मी सॉरी म्हटलं.

"आगळाचं सोड. घरवालीने पाची वक्ताला तुझ्या पोटाचं नाव घेतलान. तिना काय सांगू मी? खोट्या पोटासाठी मागत व्हती?"

मग गाडी काढली. टपरीसमोर हॉर्नसुद्धा दिला नाही.

५ नोव्हेंबर, बुधवार

चाचा कामापुरतं बोलले. "उचल." "डावीकडं." "खलास." आगळ नाही. त्यांना मी इतका दुखवू शकतो हे मला माहीतच नव्हतं. टी.लाही मी काही सांगितलं नव्हतं. त्यालाही असंच लागलं असेल का?

७ नोव्हेंबर, शुक्रवार

महिन्याचा पहिला शुक्रवार, आमचा उपास. दोन वेळा अन्नपाणी काही नाही. आई म्हणाली, "तू धरू नकोस, पोटाला ताण." मी म्हटलं, आई, धरतोच. ती इतकी घाबरून बघत होती की तेव्हाच सांगणार होतो. जुई आली, चार्जर कुठेय विचारायला. राहिलं.

चर्चमध्ये पुन्हा पोटाचं नाव. मी 'आमेन' म्हटलं नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

चाचांना म्हटलं, चाचींना मीच सांगतो. त्यांनी बराच वेळ आरसा पुसला. मग फोन लावून माझ्या हातात दिला आणि स्वतः गाडीतून उतरले. दार लावून घेतलं. म्हणजे एकट्यानेच बोलायचं.

"चाची, मी शमू. माझं पोट दुखत नव्हतं कधी. मी खोटं बोललो. मला भीती वाटते, छाती आवळते, ते सांगायची लाज वाटत होती."

तिकडे कोंबडी ओरडली. मग चाची म्हणाल्या, "आगो बाय! छातीत काय?"

"हो."

"मना सांगाचं नाय व्हय आधी? मी आपली पोट पोट करतंय. बरं, आता जागा बदलून मागीन."

एवढंच. रागावल्याही नाहीत. नंतर विचारलं, जेवलास काय. मी सांगितलं, मऊ भात. "शी! त्यो कशाला?"

चाचा परत आले तेव्हा मी हसत होतो आणि नाकही पुसत होतो. त्यांनी हॉर्न दिला. त्यांना चहा, आणि पोराला म्हणाले, "इसको पानी का बोतल. चाय नहीं पीता, इसके यहाँ नहीं चलता." त्याने मान डोलावली आणि पाणी आणलं. पुढचा प्रश्न आलाच नाही. महिनाभर ज्या प्रश्नाला घाबरून खोटं पचवलं, तो कोणी विचारलाच नाही.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

आई-पप्पांना सांगितलं. जेवणानंतर, जुई अभ्यासाला गेल्यावर. वाक्यं पाठ केली होती, तिसऱ्या वाक्यालाच विसरलो.

आई रडली. तिला वाटलं आपण ओळखायला हवं होतं. पप्पा बराच वेळ टेबलावरचा डाग नखाने खरवडत होते. गॅस प्लांटवर नोकरी, तिथे काही बिघडलं की आधी सगळ्या नळ्या तपासणारा माणूस.

"नळी घातली ना रे तुझ्या घशातून."

"हो."

"आणि तू घालू दिलीस."

"हो, पप्पा."

"मला सांगायला त्याहून जास्त भीती वाटली?"

मी हो म्हटलं. खरं होतं ते. त्यांचा चेहरा बघवेना. ते उठून स्वयंपाकघरात गेले, भांडी वाजली, आणि आईला तिथूनच म्हणाले, "उद्यापासून त्याला आपलं नेहमीचं तिखट वाढ." मग बाहेर येऊन माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

दाराआडून: "सो कॅन ही ईट चकली नाऊ?"

१५ नोव्हेंबर, शनिवार

कॉल झाला. पांढरा शर्ट, टाय, बिल्लाही लावला, घरातच तर होतो. मिशन प्रेसिडेंट भला माणूस. मी सगळं सांगितलं, हात टेबलाखाली दाबून धरले होते. ते रागावले नाहीत. म्हणाले, ही भीती बऱ्याच मुलांना असते, तिचे डॉक्टर असतात, आणि ते आधी दाखवायचं, काहीही ठरलं तरी. मग दोन रस्ते. डॉक्टर हो म्हणाले तर परत ये, इथेही मदत मिळेल. किंवा उरलेलं मिशन तिथेच, त्या गोदामात पूर्ण कर. देवाच्या हिशेबी दोन्ही सारखंच. तुला काय हवंय?

खोटं सांभाळण्यात इतका गुंतलो की मला काय हवंय हे बघितलंच नाही.

पुढच्या शुक्रवारपर्यंत कळवायचंय.

१६ नोव्हेंबर, रविवार

सगळ्यांना सांगून झालं, आता भीती गेली असेल असं वाटत होतं. वेडाच. दुसऱ्या मजल्यावरच्या दारासमोर पुन्हा तेच. चाचांनी बेल दाबली, मागे न बघता म्हणाले, "व्हईल."

१७ नोव्हेंबर, सोमवार

टी.ला मेल केला होता, त्याचं उत्तर आलं. सोमवार त्यांचा सुट्टीचा, पत्रं लिहायचा. त्याने लिहिलंय, मला माहीत होतं, फाटकाशी तुझा हात बघत होतो मी. तू स्वतः सांगशील म्हणून थांबलो. विचारायला हवं होतं, चुकलंच माझं.

सव्वा सहा फुटी माणूस माझ्याकडे बघत होता आणि मी फाटकाकडे. मला त्याची फार आठवण येते. म्हणून परत जायचंय का? की तिथलं राहून गेलेलं पूर्ण करायचंय? की चार लोकांत मान वर करता यावी म्हणून? आणि इथे राहायचंय ते चाचांच्या खांद्यासाठी, की दुसरं दार वाजतं म्हणून?

पप्पांना विचारलं. "मी सांगणार नाही. मी सांगितलं तर तू हो म्हणशील."

२० नोव्हेंबर, गुरुवार

उद्या कळवायचंय.

गावाहून कोणीतरी आलं, त्याच्याबरोबर चाचींनी नवीन आगळ पाठवलं. मोठी बाटली, तोंडाला प्लास्टिक आणि वर दोरा करकचून. कागद चिकटवलाय, चाचींचं अक्षर, मोठं, थोडं तिरकं: 'शमूसाठी. औषद नाय. आवडतो म्हणून पी.'

मी तो कागद तीनदा वाचला.

चाचांनी बाटली मांडीवर घेतली. दोऱ्याच्या गाठीवर बोट ठेवून म्हणाले, "फोडू, की बांधूनच ठेवू? इमानात न्यायची आसंल तर फोडाची नाय. गळल."

मी म्हटलं, वर जाऊन येतो, मग सांगतो.

एक वॉकर द्यायचा होता, एका आजोबांना, तिसऱ्या मजल्यावर. चाचांनी गाडी नीट पार्क केली होती. इंजिनही बंद. तरी उतरले नाहीत. समोरच्या काचेतून रस्ता बघत बसले.

लिफ्ट बंद होती, जिन्याने गेलो. पांढरं दार. छाती आवळली, कानात शिट्टी. मागे वळून बघितलं, कोणी नाही. सात महिने आणि हे सात आठवडे मागे कोणीतरी असायचंच, निदान येणार तरी असायचं. वॉकर खाली ठेवला. पुन्हा उचलला. खाली जाऊन चाचांना बोलवावं असं अगदी वाटलं. मग आत काहीतरी पडल्याचा आवाज आला, कुणीतरी म्हातारं माणूस कण्हलं, आणि मी बेल दाबली. दोनदा वाजली.

"कौन है?"

"मैं. वॉकर लाया हूँ."

आजोबांची काठी पडली होती, बाकी काही नाही. त्यांना उचलून दिली, वॉकरची उंची लावून दिली, चार पावलं चालवून बघितलं. खाली आलो तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता.

चाचांनी विचारलं नाही बेल कोणी मारली. बाटली तशीच मांडीवर, बोट गाठीवर.

"मंग?"

"चाचा, उद्यापर्यंत धरा."

"धरतंय," म्हणाले, आणि एका हाताने गाडी सुरू केली.